प्रौढांची इंग्रजी पहिली

"मास्तर, मांजर चटईवर बसलें आहे, हें मीं कोणाला जाऊन सांगायचें?"

हा प्रश्न मला सुतारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनीं भर वर्गांत विचारला, त्याला आतां बरींच वर्षें लोटलीं. आम्हीं कांहीं मित्रांनीं मिळून मुंबईंतील एका चाळीच्या खोलींत मोठ्या माणसांसाठीं रात्रीचा इंग्रजी वर्ग काढला होता. गृहस्थ पन्नाशीच्या घरांतले. दिवसभर रंधा मारून, अंगावरचा भुसा झटकून ते आठच्या ठोक्याला पुढच्या रांगेंत येऊन बसत. चौथ्या दिवशीं मीं त्यांना उभें केलें आणि लहान मुलांच्या पुस्तकांतलें मांजराचें वाक्य वाचावयास सांगितलें. उच्चार चुकला. मागें कोणीतरी हसलें. मीं 'पुन्हां' म्हटलें. पुन्हां चुकला, आणि या वेळीं हसणारे अधिक होते. तेव्हां त्यांनीं पुस्तक शांतपणें मिटलें, हा प्रश्न विचारला आणि ते खालीं बसले. दुसऱ्या दिवशीं ते आले नाहींत. त्यानंतर कधींच आले नाहींत.

त्या वेळीं मला तो उद्धटपणा वाटला. आज असें वाटतें कीं, मोठ्या माणसांना इंग्रजी कसें शिकवावें याविषयीं मला जें थोडेंबहुत कळतें, तें सारें त्या एका प्रश्नाचें उत्तर शोधतांना कळलें. तें आज आपणांपुढें मांडावें असा विचार आहे.

मोठ्या माणसांना रात्रीं शिकविण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. १८५५ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं श्रमजीवी स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढली. त्या शाळेला अक्षरओळखीची गरज होती. आजच्या माणसाला तिच्या जोडीला आणखी एक गरज भासते. बँकेचा निरोप मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजींत येतो. औषधाच्या वेष्टनावरची मुदत इंग्रजींत छापलेली असते. मुलाच्या वहींत बाईंनीं लिहिलेली सूचना इंग्रजींत असते, आणि ती वाचून दाखविण्यासाठीं आईला त्याच मुलाचें तोंड पाहावें लागतें. इंग्रजीचें एवढें माहात्म्य असावें कीं नसावें, हा वाद निराळा. त्या आईला ती सूचना आज रात्रीं वाचतां आली पाहिजे, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें.

प्रौढ विद्यार्थी म्हणजे आकारानें मोठें झालेलें मूल नव्हे. आमची पहिली चूक येथेंच झाली होती. मूल ऐकलेलें बिनतक्रार घोकतें. मोठा माणूस प्रत्येक गोष्टीला 'कां?' आणि 'कशासाठीं?' विचारतो. मुलाच्या हाताशीं दिवस असतो. याच्याजवळ दिवसाचें उरलेलें शेवटचें तासभर असतें, आणि तेंहि थकलेलें. मूल चुकतांना लाजत नाहीं; हा आपल्या कामांत मुरलेला, घरांत आणि गल्लींत मान असलेला माणूस, सर्वांसमक्ष तोंड उघडून बावळा ठरावयास भितो. परंतु याच्या पदरीं एक मोठी पुंजीहि आहे. त्याला एक भाषा पूर्णपणें अवगत आहे, आणि जगाचा अनुभव आहे. शिकविणाऱ्यानें त्याची लाज सांभाळावी, वेळ वांचवावा आणि ही पुंजी कामीं लावावी. पद्धति म्हणून जें कांहीं आहे, तें यापलीकडे फारसें नाहीं.

आतां प्रत्यक्ष वर्गांत येऊं. पहिल्या दिवशीं पुस्तक उघडूं नये, आणि ए-बी-सी-डी तर मुळींच लिहूं नये. फळ्यापाशीं खडू घेऊन उभें राहावें आणि म्हणावें, "तुम्हांला येत असलेले इंग्रजी शब्द सांगा." सारे म्हणतात, "आम्हांला एकहि येत नाहीं." मग आपण हळूच विचारावें, आज इथें कसे आलांत? "बसनें." वाटेंत काय लागलें? "सिग्नल. स्टेशन." स्टेशनवर काय घेतलें? "तिकीट." आणि मग बांध फुटतो. प्लॅटफॉर्म, लेट, फास्ट, स्लो, रिटर्न, डॉक्टर, बिल, लाइट, गॅस, ग्लास, टेबल, पेन, बँक, फॉर्म, साइन, टाइम, ऑफिस, पगारवाढ मिळत नाहीं म्हणून ओव्हरटाइम! फळा देवनागरीनें भरून जातो. ज्याला आपण निरक्षर समजत होतों, तो या भाषेंत केव्हांचा येऊन-जाऊन आहे, हें त्याचें त्यालाच दिसतें. माझ्या अनुभवांत, पहिल्या तासांत केलेल्या कोणत्याहि गोष्टीचा याच्याइतका उपयोग झालेला नाहीं.

शब्द किती शिकवावे, याची उगाच धास्ती घेऊं नये. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांचें 'बेसिक इंग्लिश' मांडलें. बंगालमध्यें शिक्षणखात्यांत अनेक वर्षें काढलेले मायकेल वेस्ट यांची १९५३ सालीं प्रसिद्ध झालेली शब्दसूचि सुमारें २,००० मूळ शब्दांची आहे. दोघांच्या हेतूंत फरक असला तरी दोघांनींहि एक गोष्ट दाखवून दिली: नित्याच्या व्यवहाराचा भार थोडेच शब्द वाहतात. आमच्या माणसाजवळ त्यांतले कित्येक आधींच आहेत. त्याच्याजवळ नाहींत तीं वाक्यें.

वाक्यें बसविण्यासाठीं मला सर्वांत उपयोगी पडलेलें साधन म्हणजे वाक्यांची सारणी. हॅरल्ड पामर नांवाचे इंग्रज भाषाशिक्षक १९२२ सालीं जपानांत गेले आणि दुसऱ्याच वर्षीं टोकियोंत त्यांनीं इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था उभारली. आधीं कान व तोंड, मग डोळा व हात, असा त्यांचा आग्रह असे. आणि अशा सारण्यांचा त्यांनीं पुष्कळ पुरस्कार केला. सारणी अशी: फळ्यावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत 'आय, यू, वी, दे' हे चार शब्द. दुसऱ्यांत 'वॉन्ट, नीड, हॅव' हे तीन. तिसऱ्यांत 'ए टिकेट, ए फॉर्म, ए रिसीट, सम वॉटर, सम टाइम' हे पांच. प्रत्येक रकान्यांतून एक-एक उचलावा. 'आय नीड ए फॉर्म.' 'वी वॉन्ट सम वॉटर.' बारा तुकड्यांतून साठ वाक्यें निघतात, आणि साठांपैकीं एकहि अशुद्ध निघत नाहीं. ज्या माणसाला आपण चुकणारच अशी खात्री वाटत असते, त्याच्या तोंडून एका तासांत साठ बिनचूक वाक्यें निघावीं, याचा परिणाम सांगून समजायचा नाहीं. चेहरे पाहावे लागतात.

पण ही सारणी म्हणवून घेण्याचाहि एक क्रम आहे. प्रथम सर्वांनीं एकत्र. आरतीच्या वेळीं ज्याचा आवाज लागत नाहीं तोहि मोकळ्या गळ्यानें म्हणतो. येथेंहि तसेंच होतें. नंतर दोघांदोघांनीं, एकमेकांकडे तोंड करून. त्या वेळीं खोलींत इतका गलका होतो कीं कोणाची चूक कोणाला ऐकूं येत नाहीं. एकट्यानें बोलण्याची पाळी सर्वांत शेवटीं, आणि तीहि ज्याची इच्छा असेल त्याची. मीं त्या गृहस्थांना चौथ्या दिवशीं एकटें उभें केलें, तेव्हां हा क्रम मीं बरोबर उलटा केला होता.

मराठीचा उपयोग करावा कीं नाहीं, हा शिक्षकांमधला जुना वाद आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनीं १८७८ सालीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स येथें आपली भाषाशाळा काढली. ते आजारी पडले असतां मदतीस घेतलेल्या फ्रेंच शिक्षकाला इंग्रजी येत नव्हतें, त्यानें खुणांनीं व हावभावांनींच शिकविलें, आणि बर्लिट्झ परत येऊन पाहतात तों विद्यार्थी फ्रेंचमध्यें बोलत आहेत, अशी कथा सांगतात. तेव्हांपासून त्या शाळांत विद्यार्थ्याची स्वभाषा वर्ज्य झाली. आपल्याकडे याच्या उलट टोंक. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या. त्या पाठमालेचे आपल्यावर उपकार आहेत. पण तिच्या मार्गानें शिकलेला माणूस बोलावयाचें वाक्य आधीं मनांत मराठींत रचतो, मग त्याचें भाषांतर करतो, आणि तोंवर तिकिटाची खिडकी बंद होते. मला मधला मार्ग बरा वाटतो. सराव सगळा इंग्रजींत व्हावा. पण जेथें दोन्ही भाषांची चाल वेगळी पडते, तेथें थांबून मराठीच्या शेजारीं इंग्रजी उभी करून दाखवावी.

उभी करून, हें मी शब्दशः म्हणतों. तीन जाड पुठ्ठे घ्यावे. त्यांवर 'मी', 'चहा', 'पितो' असें लिहावें, आणि ते तिघांच्या हातांत देऊन त्यांना ओळीनें उभें करावें. 'मी चहा पितो.' आतां इंग्रजी बोलावयाचें, म्हणून 'चहा' आणि 'पितो' यांनीं आपसांत जागा बदलावी, आणि तिघांनींहि पुठ्ठे उलटावे. पाठीवर लिहिलेलें असतें 'आय', 'टी', 'ड्रिंक'. जागा बदललेल्या असल्यामुळें वर्गाला दिसतें 'आय ड्रिंक टी'. मराठीचें क्रियापद शेवटीं बसतें, इंग्रजीचें मध्यें येतें, हा व्याकरणाचा नियम न सांगतां पायांनीं चालून कळला. तसेंच 'टेबलावर'. 'टेबल' एकाच्या हातीं, 'वर' दुसऱ्याच्या. इंग्रजींत जातांना 'वर' मागून उठून पुढें येतो आणि 'ऑन' होतो. मध्यें 'द' नांवाचा एक पाहुणा उभा राहतो. त्याची ओळख पुढें सावकाश करून द्यावी, कारण त्याला मराठींत नातेवाईक नाहींत. प्रश्नाचेंहि असेंच. 'तुम्ही येतां का?' यांतला 'का' शेवटीं असतो. इंग्रजींत ते काम करणारा 'डू' धांवत जाऊन सर्वांच्या पुढें उभा राहतो. 'डू यू कम?'

आपल्या माणसाला सर्वांत जास्त अडखळविणारा शब्द मात्र अगदीं साधा आहे: 'मला'. 'मला भूक लागली आहे.' 'मला दोन मुलें आहेत.' 'मला उशीर झाला.' 'मला हें काम येतें.' 'मला चहा आवडतो.' पांचहि ठिकाणीं मराठींत एकच 'मला'. इंग्रजींत चार वाटा. 'आय ॲम हंग्री.' 'आय हॅव टू चिल्ड्रन.' 'आय ॲम लेट.' 'आय कॅन डू धिस वर्क.' 'आय लाइक टी.' मराठींत भूक येऊन माणसाला लागते आणि उशीर माणसाला होतो. इंग्रजींत माणूस स्वतःच भुकेला असतो आणि स्वतःच उशिरा पोंचतो. एवढें एकदां उलगडून सांगितलें कीं, 'मी टू चिल्ड्रन' असें म्हणणाराहि आपली चूक आपणच पकडूं लागतो. या पांच वाक्यांना मी पूर्ण आठवडा देतों.

उच्चारांच्या बाबतींत फार हट्ट धरूं नये. साहेबासारखें बोलतां यावें हा हेतु नाहीं. ऐकणाराला कळावें एवढाच आहे. तथापि दोन-तीन ठिकाणीं अर्थच बदलतो, तेथें लक्ष पुरवावें. मराठीचा 'व' एकच, इंग्रजीचे दोन. 'वॉटर' म्हणतांना ओठांचा चंबू होतो, 'व्हॅन' म्हणतांना वरचे दांत खालच्या ओठाला टेकतात. दोघांमागें एक हातआरसा द्यावा, म्हणजे शिक्षकाला कोणाच्या तोंडाकडे बोट दाखवावें लागत नाहीं. 'शिप' आणि 'शीप' यांतला ऱ्हस्व-दीर्घ कानानें ओळखण्याचा खेळ घ्यावा. आणि 'झिप'चा उच्चार जमत नसेल, तर 'जग'मधला 'ज' सोडून 'जाड'मधला 'ज' धरावयास सांगावें. तो अगदीं तोच नव्हे, पण त्याच्या शेजारचा आहे. आपल्या तोंडांत आधींपासून असलेली वस्तु नव्यानें शिकवावयास नको.

वाचन कधीं सुरू करावें? माझ्या मतें तोंडीं शंभर-सव्वाशें वाक्यें खेळूं लागल्यावर. तोंवर फळ्यावर देवनागरी चालेल. मात्र हा पांगुळगाडा दोन महिन्यांनीं काढून घ्यावा, नाहींतर पाय कधींच बळकट होत नाहींत. अक्षरांच्या नांवांवर भर देऊं नये. आपल्या लिपींत 'क' म्हणजे कधींहि, कोठेंहि 'क'च. इंग्रजींतलें 'सी' हें अक्षर 'कॅट'मध्यें 'क' होतें आणि 'सिटी'मध्यें 'स'. या लहरीपणाबद्दल शिक्षकानें भाषेच्या वतीनें सरळ क्षमा मागावी. विद्यार्थ्याला वाटत असतें कीं दोष आपल्या बुद्धीचा आहे. पहिलीं वाचनपुस्तकें म्हणून मी दारांवरच्या व भिंतींवरच्या पाट्या घेतों: 'पुश', 'पुल', 'एन्ट्री', 'एक्झिट', 'नो पार्किंग'. नंतर प्रत्येकानें घरून एक-एक कागद आणावा: विजेचें बिल, बँकेची पैसे भरण्याची चिठ्ठी, औषधाचें रिकामें खोकें. एका बाईंनीं आणलेल्या खोक्यावरची मुदत आम्हीं सर्वांनीं मिळून वाचली. ती टळून चार महिने झाले होते, आणि त्याच जातीची भरलेली बाटली त्यांच्या घरीं फळीवर होती. त्या दिवसापासून 'एक्स्पायरी' हा शब्द वर्गांत कोणाला पाठ करावा लागला नाहीं.

चुका सुधारण्याविषयीं एकच गोष्ट सांगतों. कोणी म्हणालें, "येस्टर्डे आय गो मार्केट," तर 'चूक' म्हणूं नये. आपण सहज विचारावें, "ओहो, यू वेन्ट टु द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?" शुद्ध रूप कानावर पडलें, आणि बोलणेंहि थांबलें नाहीं. सारणीचा सराव चालू असतां चूक तेथल्या तेथें दुरुस्त करावी. पण माणूस स्वतःच्या मनांतलें कांहीं सांगूं लागला, तर त्याला मध्यें अडवूं नये. आणि वर्गांत दुसऱ्याच्या चुकीला हसावयाचें नाहीं, हा नियम पहिल्याच दिवशीं घालावा. तो शिक्षकाला प्रथम लागू आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रौढांचा वर्ग कधीं पूर्ण भरत नाहीं. आज पाळी रात्रीची, उद्यां मुलाला ताप, परवां गांवीं लग्न. कालच्या पाठावर आजचा पाठ असा मजला चढवीत गेल्यास दोन दिवस चुकलेला माणूस जिन्याखालींच राहतो, आणि लाजेनें परत येत नाहीं. म्हणून प्रत्येक तास स्वतःपुरता पुरा असावा. पहिलीं दहा मिनिटें उजळणी, वीस मिनिटें एक नवी वाक्यरचना, वीस मिनिटें तिच्यावर एखादा प्रसंग, आणि शेवटचीं दहा मिनिटें वहींत पांच वाक्यें. जो आला तो कांहींतरी घेऊन घरीं गेला पाहिजे.

प्रसंग म्हणजे नाटुकलीं. तिकिटाची खिडकी, दवाखाना, बँक, शाळेंतील पालकांची सभा. एक जण डॉक्टर होतो, एक रोगी. मग पाळी उलटते. या प्रसंगांसाठीं मी दोन वाक्यें आधीं पक्कीं करून घेतों: 'प्लीज स्पीक स्लोली' आणि 'प्लीज से इट अगेन'. ज्याला ही दोन येतात, त्याला पुढच्या माणसाचें इंग्रजी आपल्या पावलाच्या बेतानें चालवितां येतें.

आमच्या वर्गांतल्या एक बाई चार घरीं स्वयंपाक करीत. त्यांची मुलगी इंग्रजी शाळेंत होती. शाळेंतल्या सभेहून आल्यावर एकदां त्यांनीं वर्गांत सांगितलें: मुलीच्या बाई नेहमींप्रमाणें भराभर इंग्रजींत बोलत होत्या, आणि मी नेहमींप्रमाणें मान हलवीत होतें. मग धीर केला आणि म्हटलें, "प्लीज स्पीक स्लोली. आय वॉन्ट टु अंडरस्टँड." त्या बाई थांबल्या. क्षमा मागितली. आणि पुढचें सारें अर्धें इंग्रजींत, अर्धें मराठींत नीट समजावून सांगितलें. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मराठी त्यांना आधींपासून येत होती. पण आजवर त्या माझ्याकडे बघून बोलतच नव्हत्या."

श्रोतेहो, आपणांपैकीं अनेकांच्या घरीं इंग्रजी सहज बोललें जातें, आणि त्याच घरांत रोज येणारें-जाणारें कोणीतरी तें नुसतें ऐकत असतें. त्यांची इच्छा असेल तर आठवड्यांतून दोन वेळां, त्यांच्या सवडीनें आणि कामाच्या वेळेंतून अर्धा तास काढून, आपणांस हें करतां येईल. फळा नसला तरी चालतो. पाठकोरे कागद पुरतात. फक्त आरंभीं त्यांनाच विचारावें कीं, कोणाशीं काय बोलावयाचें आहे. धडा तेथून निघतो.

त्या गृहस्थांना मीं हें विचारलें नव्हतें. विचारलें असतें तर इंच, फूट, लाकूड, मजुरी आणि उरलेल्या पैशांची मागणी, एवढ्यावर त्यांचे पहिले दोन महिने सुखानें गेले असते. त्यांचा पत्ता मीं पुढें काढला. ते जागा सोडून गेले होते. आज ते कोठें हें ऐकत असतील, तर त्यांना एवढेंच सांगावयाचें आहे कीं, वर्ग अजून चालू आहे, वेळ तीच, रात्रीं आठ. मांजराचें पुस्तक आम्हीं केव्हांच बाजूला ठेवलें आहे.